एक वीस म्हणजे किती?

मामांचा फोन दिवसभर बोलत असतो. माण तालुक्यातल्या आमच्या गावी बाजरीच्या कडेला उभे राहून ते व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवतात. कांद्याचा भाव विचारतात, पावसाचे व्हिडिओ पुढे ढकलतात, पुण्यातल्या लेकाला विहिरीचं पाणी दाखवतात. शाळा सातवीत सुटली. फोन कसा वापरायचा हे त्यांना कुणी शिकवलं नाही, कुठला कोर्स नाही की पुस्तिका नाही.

मागच्या खरिपात त्यांनीच मला हाक मारली. "जरा ये बरं इकडं. ह्ये काय घेईना." कुठलं ॲप ते सांगत नाही, तसली बरीच आहेत. अर्ज भरायचा होता. नाव भरून झालं, गाव झालं, गट नंबर झाला. पुढचा रकाना होता 'क्षेत्र'.

"मामा, किती टाकू?"

"टाक की, एक वीस."

मी १.२० टाकलं. रकाना लाल झाला. खाली अक्षरं उमटली : 'कृपया वैध मूल्य भरा.' मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी फोनकडे. पुन्हा टाकलं, पुन्हा लाल. "बघ, मी म्हनलो न्हवतो?" म्हणून मामा बिडी शोधायला लागले.

व्हॉट्सॲपवर दिवसभर लीलया वावरणारा माणूस चार रकान्यांच्या अर्जापाशी येऊन का अडतो? 'शिक्षण कमी' हे उत्तर तोंडावर तयार असतं. पण त्या दिवशी पदवी घेतलेला मीही अडलो होतोच.

एका आकड्याचे तीन अर्थ

मामांच्या तोंडचं 'एक वीस' म्हणजे एक एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे साठ गुंठे, सरळ दीड एकर. गावात जमीन अशीच मोजतात, भावकीच्या वाटण्या अशाच होतात, सोयरिकीच्या बैठकीत अशीच सांगतात. सातबारा मात्र हेक्टर आणि आरमध्ये बोलतो. शंभर आरचा एक हेक्टर, आणि हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. गुंठा आणि आर हे जवळजवळ जुळे भाऊ आहेत (एक गुंठा म्हणजे १.०१ आर), त्यामुळे गोंधळ आणखीच वाढतो. मामांचे साठ गुंठे सातबाऱ्यावर ०.६१ होऊन बसले आहेत.

┌─────────────────────────
चौकट : '१.२०' कुणी कसं वाचलं?

मामा : १ एकर २० गुंठे, म्हणजे ६० गुंठे

कॅल्क्युलेटर : १.२० एकर, म्हणजे १ एकर ८ गुंठे, ४८ गुंठे

ॲप : १.२० हेक्टर, म्हणजे जवळजवळ ३ एकर, सुमारे ११९ गुंठे
└─────────────────────────

ॲपच्या मते मामा आपल्या जमिनीच्या दुपटीवर हक्क सांगत होते. त्याने अडवलं यात काही गैर नाही. पण 'वैध मूल्य' या दोन शब्दांत मामांना काय कळावं? सातबाऱ्यावरचं क्षेत्र ॲपला माहीत होतं, म्हणून तर त्याने अडवलं. मग 'तुमच्या सातबाऱ्यावर ० हेक्टर ६१ आर आहे, तुम्ही १ हेक्टर २० आर लिहिलंय' एवढं म्हणायला काय हरकत होती?

यावरचा इलाज फार साधा आहे. एका रकान्याऐवजी दोन करायचे, एकर आणि गुंठे. मामांनी १ आणि २० भरावं, भागाकार-गुणाकार फोनने करावा आणि उत्तर खाली दाखवावं. हिशेब हे यंत्राचं काम. इथे ते माणसाच्या अंगावर टाकलेलं होतं. ग्रामीण भागासाठी ॲप करायचं म्हटलं की लोक मोठी बटणं आणि हिरव्या रंगाच्या गप्पा मारतात. माझं मत असं की निम्मी भांडणं अशा एका रकान्यात असतात, आणि बांधावर जाऊन 'किती जमीन?' असं विचारल्याशिवाय तो रकाना दिसत नाही.

रेंज नसताना

मामांना व्हॉट्सॲप जमतं त्याचं एक कारण त्या निरोपाखालच्या खुणांमध्ये आहे. छोटं घड्याळ दिसलं की निरोप अजून फोनमध्येच आहे. एक टिक म्हणजे कंपनीच्या यंत्रापर्यंत गेला, दोन म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला. हे कुणी शिकवलं नाही, तरी गावातल्या आजीबाईंनाही ते कळतं. रेंज गेली म्हणून निरोप परत फेकला जात नाही. तो थांबतो, आणि फोन खिशात घालून माणूस टेकाडावर आला की आपोआप निघतो.

पोस्टाच्या पेटीसारखंच हे. पत्र पेटीत टाकायला पोस्टमन समोर उभा असावा लागत नाही. तो दुपारी येईल, नाहीतर उद्या. चांगल्या ॲपमध्ये अशी एक पेटी असते : भरलेली माहिती आधी फोनच्याच वहीत उतरते, मग रेंज मिळेल तेव्हा पुढे जाते. वाईट ॲपला बटण दाबताक्षणी पलीकडे पोस्टमन हवा असतो. तो नसला की गोल चक्र फिरत राहतं, आणि दहा मिनिटांची मेहनत कोऱ्या पानावर येते.

पेटीलाही धोके आहेत. फोनची मेमरी भरली की घरातलं कुणीतरी साफसफाई काढतं, ॲप उडवून पुन्हा घेतं, आणि त्याबरोबर न पोचलेला अर्जही जातो. म्हणून 'फोनमध्ये ठेवलंय, अजून पोचलेलं नाही' आणि 'पोचलं' या दोन गोष्टी डोळ्याला वेगळ्या दिसायलाच हव्यात. दोन्हींना हिरवी बरोबरची खूण देणारी ॲप मी पाहिली आहेत. माणूस निर्धास्त घरी जातो आणि महिनाभराने कळतं की काही गेलंच नव्हतं.

दुसरी अडचण याच्या उलट. अर्ज पोचतो, पण 'पोचला' हा उलटा निरोप रेंजअभावी वाटेत हरवतो. इकडे माणूस पुन्हा बटण दाबतो, तिकडे दोन अर्ज. गिरणीवाला यातून कसा सुटतो? डब्यावर चिठ्ठी असते. पोरगं दोनदा सांगायला आलं तरी डबा एकच, दळण एकदाच. ॲपमध्येही तसंच करतात. अर्ज निघण्याआधीच फोन त्याला एक स्वतंत्र नंबर देतो. तोच नंबर पुन्हा आला की पलीकडचं यंत्र म्हणतं, हे मिळालंय, नवीन नोंद नको. मग मामांनी दहा वेळा बटण दाबलं तरी काही बिघडत नाही. ते दाबणारच आहेत.

फोटोचं गणितही एकदा करून पाहू. आजच्या फोनवर काढलेला फोटो सहज ४ एमबीचा असतो. डोंगराआड रेंज इतकी रोडावते की सेकंदाला ५० किलोबिटही मिळाले तर नशीब. त्या वेगाने एक फोटो जायला साडेदहा मिनिटांच्या वर लागतात, आणि मध्ये तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. तोच फोटो पाठवण्याआधी फोनने दाबून २०० केबीचा केला तर ३२ सेकंद. शेतात बाजरी आहे की तूर, हे ओळखायला तेवढा फोटो पुरतो.

उपग्रहाला नेट लागत नाही

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. त्याआधी पिकांची नोंद तलाठी करायचा. सातबाऱ्यातला 'सात' मालकी सांगतो आणि 'बारा' पिकं. तो बारा आता शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभं राहून, पिकाचा फोटो काढून भरायचा. फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश जातात.

इथे बांधाबांधावर ऐकू येणारा एक प्रश्न आहे : रेंज नाही, मग फोनला जागा कशी कळणार?

वीज चमकली आणि गडगडाट पाच सेकंदांनी आला, तर वीज किती लांब पडली याचा अंदाज आपण बांधतो. जीपीएस तेच करतं. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत सांगत असतात, 'मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजले.' निरोप फोनपर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती उशीर झाला त्यावरून अंतर कळतं. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा ठरते. चौथा लागतो तो फोनच्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला, कारण सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे जमिनीवर ३०० मीटरचा फरक.

यात फोन फक्त ऐकतो, काही पाठवत नाही. आकाशवाणी ऐकायला कुठे रेंज लागते? नेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला. मात्र कुठला उपग्रह आत्ता कुठे आहे ही माहिती नेट असलं तर झटकन मिळते. नसलं तर ती उपग्रहाकडूनच हळूहळू ऐकावी लागते आणि पहिल्यांदा जागा सापडायला मिनिट-दोन मिनिटं, कधी जास्तही लागतात. आंब्याखाली सावलीला उभं राहिलं तर आणखी वेळ, कारण ते क्षीण निरोप पानांतून येईतो आणखी मरगळतात. 'थांबा, उपग्रह शोधतोय, उघड्यावर या' एवढं ॲपने म्हटलं तर माणूस थांबतो. नुसतं चक्र फिरत राहिलं तर तो फोनला शिव्या घालून निघून जातो.

उघड्या रानातही फोनची जागा पाचेक मीटर इकडेतिकडे होते. मोठ्या सलग रानात त्याचं फारसं काही वाटणार नाही. पण तीन पिढ्यांच्या वाटण्यांत वीस फुटी पट्ट्या झालेल्या असतील, तर तुमच्या पट्टीत उभा असलेला तुम्ही नकाशावर चुलत्याच्या पट्टीत दिसता. बांधाच्या वादात आधीच तोंड न पाहणाऱ्या घरांत फोनने आणखी एक पंच होऊन निवाडा देऊ नये. म्हणून हद्दीच्या अलीकडे-पलीकडे थोडी सूट ठेवावी लागते. ही सूट किती, हा प्रश्न तंत्राइतकाच भावकीचाही आहे.

जीपीएसच्या निरोपात वेळही असते, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. शेवटच्या तारखेला सगळा तालुका एकदम अर्ज पाठवतो आणि पलीकडचं यंत्र गुदमरतं. अर्ज पोचल्याची वेळ धरली तर रेंज नसलेला माणूस हरला. फोनच्या घड्याळाची धरली तर ते कुणीही मागे फिरवू शकतं. उपग्रहाची वेळ धरली तर? शेतात उभं राहून भरलं ती घटका तिथेच नोंदली गेली, पोचू दे मग दोन दिवसांनी. नियम करणाऱ्यांनी हा विचार करायला हरकत नाही.

अक्षर, चित्र आणि दीड

न वाचणाऱ्यांसाठी चित्रं द्या, असं म्हणणं सोपं. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये इंद्राणी मेढी यांनी यावर बरीच वर्षं काम केलं, वस्त्यांमध्ये घरकाम करणाऱ्या बायकांबरोबर बसून. स्वयंपाकघराचं नुसतं चित्र दाखवलं तर ते जागेचं चित्र वाटतं, 'स्वयंपाक करणे' हे काम त्यातून निघत नाही. भांड्यातून वाफ निघताना दाखवली, नळाचं पाणी वाहताना दाखवलं की काम दिसतं. त्यांच्या कामातून निघालेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शाळेत कमी गेलेल्यांना एकात एक दडलेल्या याद्या अवघड जातात : शेती, मग पिकं, मग तृणधान्य, मग बाजरी. ही उतरंड आपल्याला सहज वाटते, कारण पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका, वर्गीकरण, 'खालीलपैकी' असं सगळं शाळेने आपल्या अंगवळणी पाडलेलं असतं. त्यापेक्षा एकाखाली एक सरळ लांब यादी बरी पडते. व्हॉट्सॲपची यादीही तशीच असते, शेवटी बोललेला माणूस सगळ्यात वर.

अक्षरांचंही एक दुखणं आहे. साध्या एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षर सात बिटांचं, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीला सोळा बिट लागतात, म्हणून फक्त ७०. त्यात काना-मात्रा-हलन्त वेगळे मोजले जातात : 'क्षेत्र' हा दिसायला दोन अक्षरांचा शब्द सात जागा खातो. म्हणून मराठीतला पिकाचा सल्ला दोन-तीन एसएमएसचा होतो आणि पाठवणाऱ्याचा खर्चही तितक्या पटीने वाढतो.

आवाज हा सोपा रस्ता. किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे (नंबर १८००-१८०-१५५१), त्याला साधा बटणांचा फोनही चालतो. छत्तीसगडमध्ये २०१० साली सुरू झालेल्या सीजीनेट स्वरा या सेवेवर लोक फोन करून आपली बातमी आपल्या बोलीत सांगू लागले आणि इतरांची ऐकू लागले. आता फोनला बोललेलं समजायलाही लागलं आहे. पण मराठी शेतकऱ्याचं बोलणं समजायचं तर यंत्राला आधी पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच पचवावे लागतील. मामा कधी 'एक वीस' म्हणतात, कधी 'दीड एकर', आणि कधी नुसतंच 'वरचं रान'.

फोन कुणाचा?

ॲप करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक माणूस, एक फोन, एक नंबर असतो. गावात फोन घराचा असतो. दिवसा तो शेतावर, संध्याकाळी पोरांच्या हातात, आणि घरच्या बाईच्या वाट्याला आला तर रात्री. बाळंतपणाची आठवण करून देणारा निरोप ज्या फोनवर जातो तो आधी सासरा वाचतो. हे लक्षात न घेता खासगी माहिती उघड्यावर मांडणारं ॲप उपकारापेक्षा अपकारच करतं.

फोनची ताकद हाही वेगळा मुद्दा आहे. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारकडून मिळालेले मोबाइल परत केले. मेमरी पुरत नाही, फोन हँग होतात आणि पोषणाच्या नोंदींचं ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. वजन, उंची, हजेरी या नोंदी त्या वहीत वर्षानुवर्षं मराठीतच करत आल्या होत्या.

आणि ओटीपी! मामांच्या खात्याला जोडलेला नंबर लेकाचा. लेक पुण्यात, शेत माणमध्ये. ओटीपी पुण्यात वाजतो, तो दहा मिनिटांत मरतो, आणि त्या वेळी लेक कंपनीत मशीनवर उभा असतो. गावात त्यामुळे एक अलिखित पद नेमलेलं असतं : 'फोनमधलं कळणारं पोरगं'. कुठल्याही ॲपची तयारी करताना या पोराला धरून चालायला हवं. ई-पीक पाहणीत एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, ही फार शहाणी सोय. नाहीतर त्या पोराला वीस घरांसाठी वीस फोन हाताळावे लागले असते.

मध्यस्थाला सामावून घेण्याचं मोठं उदाहरण केनियातलं आहे. २००७ मध्ये तिथे सफारीकॉमने एम-पेसा आणलं. त्याला स्मार्टफोन नको, नेट नको. सिमकार्डातच बसवलेली छोटी यादी, आणि गावोगावचे दुकानदार नोटा घेऊन फोनमध्ये पैसे भरून देणारे. गंमत अशी की २००५ च्या चाचणीत ते सूक्ष्मकर्जाचे हप्ते फेडण्यासाठी बांधलं होतं. लोकांनी भलतंच केलं, एकमेकांना पैसे पाठवायला लागले. करणाऱ्यांनी ते पाहिलं, हप्त्यांचा पसारा बाजूला ठेवला आणि बाजारात आणताना गावाकडे पैसे पाठवायची सोय म्हणूनच आणलं. वापरणाऱ्याने चुकीचं वापरलं असं त्यांनी म्हटलं नाही, हे मला त्या यंत्रणेइतकंच मोलाचं वाटतं.

त्या दिवशी आमचा अर्ज शेवटी गेला. सातबारा काढून ०.६१ टाकलं, रकाना हिरवा झाला, आणि टेकाडावर गेल्यावर निरोप पोचल्याचं कळलं. मामा घरी आले, घरातल्या शाळकरी पोराच्या दप्तरातली चिकटपट्टी काढली, फोनच्या पाठीवर लावली आणि तिच्यावर बॉलपेनने तीन ओळी लिहून घेतल्या : गट नंबर, लेकाचा नंबर, आणि 'एक वीस = ०.६१'. पट्टीचा कोपरा आता सुटायला लागलाय.